घळीतल्या अकरा लगोऱ्या

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. थापा मारायलाही माणसाला थोडं बोलावं लागतं. मामा तेवढंही बोलत नाही.

आणखी एक. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. उन्हाळ्याचा शेवट, मंगळवार, दुपारचे साडेतीन. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पायाखालची वाळू चपलेतून चटके देतेय, अशी वेळ.

जागेचं नाव सांगणार नाही. ज्यांचा माणूस तिथे गेला त्यांची मुलं आहेत. त्या मुलांच्या आईने मामाला एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती मी इथे मोडतोय. त्या बाई गेल्या वर्षी गेल्या. तरी लिहिताना हात जड होतोय, खोटं कशाला बोलू.

मामा वाळवंटातल्या एका डोंगरी उद्यानात राखणदार होता. उद्यान म्हटलं की तुम्हाला कारंजं आणि हिरवळ आठवेल. तसलं काही नाही. उघडेबोडके डोंगर. खाली तपकिरी, वर तांबडे, मधून पिवळे पट्टे. गुडघ्याएवढी काटेरी झुडपं. एक कोरडी नदी, नुसत्या वाळूची. आणि सगळ्यात वर वाऱ्याने कोरलेली दगडी कमान. एवढी मोठी, की खालून बस जाईल. ती बघायला लांबलांबून लोक यायचे.

कमानीच्या वाटेवर एक दरी होती. तिथे हाक मारली की तीनदा परत यायची. मग काय, जो येईल तो ओरडणार. "ए... हो..." पोरंही ओरडायची आणि त्यांचे आजोबाही. मामाने बावीस वर्षं हे ऐकलं. पहिली दोन वर्षं तो वळून बघायचा. नंतर त्याने मान वळवणं सोडून दिलं.

मामाचं काम असं. दिवसातून दोन फेऱ्या, एक पहाटे, एक दुपारी तीनला. वाटेवरचे चुन्याचे ठिपके पुसट झाले तर पुन्हा मारायचे. बाटल्या उचलायच्या. आणि लगोऱ्या पाडायच्या.

लगोऱ्या म्हणजे दगडावर दगड रचलेले ढीग. पर्यटक हौसेने रचायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. पण वाळवंटात रचलेला दगड दिसला की माणसाला वाटतं, ही वाटेची खूण आहे. तो त्या बाजूला वळतो. पूर्वी एक जोडपं असंच चुकून तहानेने मेलं होतं. तेव्हापासून साहेबांचा सक्त हुकूम होता. खूण फक्त चुन्याची. लगोरी दिसली की पाडायची, आणि दगड लांब भिरकावायचे, पुन्हा कोणी रचू नये म्हणून.

म्हणजे काम चांगलंच होतं. माणसं वाचवण्याचं होतं.

कॅन्टीनवाला मामाला 'पाडकाम खातं' म्हणायचा. "काय पाडकाम खातं, आज किती?" मामा बोटं दाखवायचा. तीन. पाच. कधी सात.

त्या मंगळवारी मामाने दोन्ही हात दाखवले आणि वर एक बोट.

"अकरा?" कॅन्टीनवाला म्हणाला. "कोणी एवढा रिकामटेकडा आला होता?"

"घळीत होत्या," मामा म्हणाला. "वाट सोडून आत गेलाय मेला. आणि पडता पडेनात. एकेका दगडाखाली कपची ठोकलेली. अंगठा फोडून घेतला मी."

मामा चिडला होता. एरवी लगोरी कशी, नुसता पाय लावला की पडते. ह्या तशा नव्हत्या. हाताने खालचा दगड उपसून काढावा लागत होता. वर प्रत्येकीवर एक लांबट दगड, आडवा. अकरा लगोऱ्या पाडायला त्याला पाऊण तास लागला. वरून कोणीतरी सारखं ओरडत होतं. मामाने नेहमीप्रमाणे मान वळवली नाही.

पाच वाजता फाटकापाशी गडबड झाली.

म्हाताऱ्या माणसांची सहलीची बस आली होती. सगळे परत आले, एक आला नाही. त्याची बायको गुडघ्यांमुळे वर गेली नव्हती. कॅन्टीनच्या बाकावर दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणत होती, आठ वाजता गेलेत, कमान बघून लगेच येतो म्हणाले. बसमधल्यांना वाटलं ते तिच्याजवळ आहेत. तिला वाटलं ते बसमधल्यांबरोबर आहेत.

शोध सुरू झाला. मामाही गेला. कमान बघायला गेलेला माणूस म्हणून सगळे कमानीच्या पलीकडे शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी ड्रोन उडवला. कमानीचे फार सुंदर फोटो आले. माणूस काही दिसला नाही.

गुरुवारी दुपारी मामा पाणी प्यायला कॅन्टीनशी आला. बाई तिथेच होती. मामी तिच्याजवळ बसली होती आणि तिला काही खायला घालायचा प्रयत्न करत होती.

"ते बसून राहणारे नाहीत हो," बाई मामीला सांगत होती. "चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय आमच्या ह्यांनी. दगडाचं. सिमेंटशिवाय ही कमान उभी कशी, एवढंच बघायचं होतं त्यांना."

मामाच्या हातातला पेला तसाच राहिला.

गवंडी.

मामाच्या डोळ्यांपुढे त्या कपच्या आल्या. दगड हलू नये म्हणून खाली नीट ठोकलेल्या. कुठल्या हौशी पर्यटकाला ते सुचणार होतं? वाट चुकलेला एक म्हातारा वळणावळणावर खूण ठेवत गेला होता. वरचा लांबट दगड तो कुठे गेला ते दाखवत होता. आणि मामाने एकूण एक पाडून, दगड भिरकावून, हात झटकून घरी येऊन चहा प्यायला होता.

मामा तडक साहेबांकडे गेला. तिथे वरच्या ऑफिसातून आलेले दोघं बसले होते.

"साहेब, घळीकडे बघायचं का एकदा?"

"का? काही खूण दिसली का तिथे?"

आता बघा, एवढाच प्रश्न होता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो?

मामाच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. राहतं घर सरकारी. ते दोघं त्याच्याकडे टक लावून बघत होते. मामा सांगतो, मी कसला विचार केला नाही रे, तोंडातून निघून गेलं.

"नाही," मामा म्हणाला.

"मग खुणेशिवाय माणसं कुठे कुठे पाठवू मी?" साहेब म्हणाले, आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

शुक्रवारी पहाटे मामा एकटाच घळीत गेला. पण ती घळ पुढे पाच बाजूंना फुटते. लगोऱ्या कुठल्या फाट्यात होत्या, कुठे वळल्या होत्या, काही आठवेना. त्याने काम इतकं चोख केलं होतं की एका दगडावर दुसरा दगड राहिला नव्हता. तो घसा फाटेपर्यंत ओरडला. त्याचाच आवाज तीनदा परत आला. दुसरं काही आलं नाही.

शनिवारी शोध थांबवला. त्या उन्हात तीन दिवसांच्या वर कोणी जगत नाही, असं साहेबांनी बाईच्या जावयाला सांगितलं. जावई दोन दिवस थांबला, भांडला, रडला आणि गेला. बाई गेली नाही.

"ह्यांना घेतल्याशिवाय मी कशी जाऊ?" एवढंच म्हणायची.

मामाच्या घराला लागून एक रिकामी खोली होती. मामीने ती झाडून तिला दिली. मधली भिंत पातळ. बाई उठली की कळायचं, बसली की कळायचं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो. ती रडायची नाही. सकाळी उठून फाटकाच्या बाकावर जाऊन बसायची. येताजाता मामाला विचारायची, "भाऊ, काही दिसलं का?"

मामा मान हलवायचा.

पुढचा मंगळवार आला.

चौकशीमुळे उद्यान बंद होतं. फाटकाला कुलूप. आत चिटपाखरू नाही. मामा तीनच्या फेरीला निघाला. काम नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं.

घळीच्या तोंडाशी आला आणि थांबला.

काहीतरी कमी होतं...

त्याला आधी कळेना. मग कळलं. वारा नव्हता. त्या डोंगरात वारा कधी थांबत नाही. झुडपं हलत नव्हती. एक सरडा दगडावर बसला होता, तोही हलत नव्हता.

मग आवाज आला.

टक्...

दगडावर दगड ठेवल्याचा.

टक्... टक्...

शेवटचे दोन हलके. कपची ठोकल्यासारखे.

मामाने घड्याळ बघितलं. साडेतीन.

तो आत गेला. पहिल्या वळणावर लगोरी उभी होती. छातीएवढी. वर लांबट दगड, आडवा.

सभोवती वाळू होती. सपाट. तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात दरीतून प्रतिध्वनी आला. तीनदा. शब्द कळेना, पण माणसाचा आवाज होता.

मूळ हाक मात्र कोणी मारलीच नव्हती.

मामाने काय करावं? त्याने लगोरी पाडली. भीतीने म्हणा, सवयीने म्हणा. खालचा दगड उपसला, ढीग कोसळला, आणि तो धावत सुटला. छप्पन्न वर्षांचा माणूस वाळूतून पोरासारखा धावला.

बुधवारी सकाळी जाऊन बघितलं तर तिथे काही नव्हतं. पाडलेले दगडसुद्धा पाडल्या जागी नव्हते. जिवात जीव आला. पण दुपार झाली तसा तो घरात येरझाऱ्या घालायला लागला. तीन वाजता पाय आपोआप निघाले.

टक्... टक्...

त्या दिवशी दोन होत्या. पहिली जिथल्या तिथे. दुसरी पुढच्या वळणावर.

मामाने दोन्ही पाडल्या.

त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी न राहवून विचारलं, "अरे पण का पाडल्यास? ते तुला वाट दाखवत होते ना?"

मामा म्हणाला, "म्हणूनच."

त्या संध्याकाळी मामीने ताट पुढ्यात ठेवलं आणि त्याला उठू दिलं नाही.

"जेवत नाही. बोलत नाही. दुपारचे तीन वाजले की तोंडचं पाणी पळतं. काय ते एकदा सांगून टाका."

मामाने सांगितलं. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटत सांगितलं. मंगळवारच्या अकरा लगोऱ्या, साहेबांना दिलेलं उत्तर, सगळं.

मामी फटकळ बाई आहे. मला वाटायचं तिने आकाशपाताळ एक केलं असेल. पण ती नुसती बसून राहिली.

"नऊ दिवस मी तिला जेवायला वाढतेय," ती शेवटी म्हणाली. "आणि ती मला म्हणते, तुमच्यासारखी माणसं मिळाली हे नशीब."

मामीने ताट उचललं.

"उद्या तिला घेऊन जा तिथे. तुम्ही नाही नेलंत तर मी नेते."

गुरुवारी दुपारी दोन वाजता मामा बाईला घेऊन निघाला. "ताई, घळीत काही दगड रचलेले दिसतात. तुम्ही बघा जरा," एवढंच त्याने सांगितलं होतं. बाईने काठी घेतली, डोक्याला ओलं फडकं बांधलं. दर वीस पावलांवर ती थांबायची. कुरकुर मात्र एकदाही केली नाही. मामाच्या पाठीवर पाण्याचे दोन डबे होते.

घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा वारा पडलेला होता.

"इथे इतकं शांत का आहे?" बाई म्हणाली.

टक्...

बाईने मान वर केली. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. मामा सांगतो, त्या क्षणापर्यंत त्याला आशा होती की आपलं डोकं फिरलंय.

पहिल्या वळणावर लगोरी उभी होती.

बाई काठी टाकून खाली बसली. ज्या गुडघ्यांवर तिला जिना चढता येत नव्हता, त्यांवर बसली. तिने दगडांवरून हात फिरवला. मग बोट खाली घालून कपची चाचपली.

"हे ह्यांच्या हातचं आहे," ती म्हणाली.

"दगड हललेला त्यांना खपत नाही. लोकांकडे जेवायला गेले तरी टेबल हलतंय म्हणून खाली कागदाची घडी घालतात. मला लाज वाटते." ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. "भाऊ, ही ताजी आहे. कपची बघा, आत्ता ठोकल्यासारखी."

पुढच्या वळणाआडून आवाज आला.

टक्... टक्...

बाई उठली. तिचा चेहराच बदलला होता.

"पुढे आहेत," ती म्हणाली. "आहेत हो. चला."

आणि ती चालायला लागली. काठी तिथेच राहिली. दुसरी लगोरी... तिसरी... मामा मागून पाण्याचे डबे सावरत. तिला सांगावं, ताई, आज दहावा दिवस, ते नाहीत. पण कुठल्या तोंडाने सांगणार? प्रत्येक वळणाआड दगड वाजायचा, आणि प्रत्येक वेळी ती हाक द्यायची.

"अहो... आले मी. बसा तिथेच. आले."

तिच्या हाकेचा प्रतिध्वनी आला नाही. एकदाही नाही.

चौथी, पाचवी, सहावी. घळ फुटली तिथे लांबट दगडाने डावीकडची बोळ दाखवली. मामा शुक्रवारी तिच्या तोंडाशी उभा राहून परत फिरला होता. आठवी, नववी. पुढे चढ. दहावी. अकरावी एका उंच पायरीसारख्या खडकाच्या पायथ्याशी होती.

तिथे आवाज थांबला.

खडकाच्या वर, खालून दिसणार नाही अशी, एक कपार होती. मामाने बाईला थांबायला सांगितलं. ती थांबली नाही.

गवंडी कपारीत बसलेले होते. पाय विचित्र वळलेला. आणखी वर चढताना पडले असावेत आणि कसेबसे कपारीपर्यंत सरकले असावेत. बाकी काय दिसलं ते लिहीत नाही. शेजारी हात पोचेल तेवढ्यात दगड गोळा करून, ऊन अडवायला, त्यांनी वीतभर उंचीची भिंत घातली होती. सरळ, ओळंब्यात, प्रत्येक सांधा जुळवून.

बाईने त्यांच्या डोक्यावर आपलं ओलं फडकं घातलं. मग शेजारी बसली, खडकाला टेकून. मग समोर बघून म्हणाली,

"इथून सगळं दिसतं."

मामाने वळून बघितलं. खरंच दिसत होतं. सगळी घळ, तिची वळणं, खालची पायवाट, चुन्याचे ठिपकेसुद्धा. माणूस खाली चालत असता तर त्याच्या डोक्यावरची टोपी कुठल्या रंगाची ते कळलं असतं.

"एवढी वाट दिसतेय," ती म्हणाली. "त्या दिवशी खालून कोणीच गेलं नसेल का हो?"

मामाने तोंड उघडलं. 'नाही' म्हणायला उघडलं होतं, असं तो कबूल करतो.

आणि खाली काहीतरी कोसळलं...

घळीच्या तोंडाशी. दगडांचा ढीग पडल्याचा आवाज. धूळ उडाली.

मग दुसरा.

तिसरा.

खाली कोणी नव्हतं. लखलखीत ऊन होतं, लपायला कुठे आडोसा नव्हता, आणि कोणी म्हणजे कोणी नव्हतं. लगोऱ्या पडत होत्या, एकामागून एक, वर येत. दगड उडून लांब जाऊन पडत होते, भिरकावल्यासारखे.

आणि प्रत्येक लगोरीबरोबर त्यांच्या अगदी जवळून, त्या कपारीतून, हाक येत होती. थकलेला, कोरड पडलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मामाने तो आवाज ओळखला. त्या मंगळवारी पाऊण तास तो त्याच्या पाठीवर आदळत होता. तेव्हा शब्द कळले नव्हते. आता स्वच्छ कळले.

"अहो... पाडू नका..."

धडाम.

"अहो... भाऊ... पाडू नका हो..."

त्यात राग नव्हता. विनवणी होती. मामा सांगतो, राग असता तर सहन झाला असता.

अकरावी लगोरी खडकाखाली, त्यांच्या पायांशी पडली. मग वारा सुटला.

बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. ते मिटलेलंच होतं. तिने हळूच विचारलं,

"हे कोणाला म्हणतायत?"

मामा उभा होता. पाण्याचे दोन डबे, भरलेले, तसेच त्याच्या पाठीवर होते.

"मला," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. साहेबांना 'नाही' म्हणालो तेही सांगितलं. सांगून झाल्यावर मामा तिच्यासमोर खाली बसला. तिने मारावं, शिव्या द्याव्यात, साहेबांपुढे उभं करावं, तुरुंगात धाडावं. त्याला खरंच तसं हवं होतं.

"तुम्ही पाडल्यात, तेव्हा ठाऊक नव्हतं," बाई म्हणाली. "ते समजतं मला."

ती थांबली.

"गुरुवारी ठाऊक होतं."

"हो."

"गुरुवारी हे होते का हो?"

ते नंतर डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. बुधवारी गेले असतील, म्हणाले. किंवा गुरुवारी. किंवा शुक्रवारी पहाटे.

बाई उठली. पदर झटकला.

"माझ्या मुलांना हे सांगायचं नाही," ती म्हणाली. "पडले आणि लगेच गेले, असं मी सांगणार आहे. वाट बघत होते हे त्यांना कळायला नको. तुमच्या साहेबांनाही सांगायचं नाही. कोणालाच नाही. सांगून मोकळं व्हायचं नाही तुम्ही. कळलं?"

"हो, ताई."

"मला ताई म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी माणसं आली, गवंड्यांना खाली नेलं. घळीत रचलेला एक दगड नव्हता. साहेबांनी विचारलं, सापडले कसे? मामा म्हणाला, वास आला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या महिन्यात ऑफिसने मामाला प्रशस्तिपत्र दिलं, 'कर्तव्यदक्षतेबद्दल'. फोटोत तो हसत नाहीये. कॅन्टीनवाल्याने सगळ्यांना चहा पाजला. मामीने ते प्रशस्तिपत्र घरात आणू दिलं नाही.

जाण्याआधी बाईने मामीला खोलीची किल्ली दिली, भांडी घासून दिली. मामाकडे बघितलं नाही.

मामा निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. शहरात दोन खोल्यांत राहतात दोघं. बाई गेल्याचं कळलं तेव्हा तो पहिल्यांदा मला हे सगळं बोलला, आणि बोलून झाल्यावर म्हणाला, "मोकळं नाही वाटत रे. तिने बरोबर सांगितलं होतं."

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. मामी आत झोपली होती. मामा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. खाली रस्ता, दुकानांची बंद दारं, ऊन. मी घड्याळ बघितलं आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"मामा, तो आवाज अजून येतो का रे?"

"नाही," मामा म्हणाला. "त्या दिवसानंतर कधीच नाही. रोज कान लावून बसतो मी. एकदा आला ना, एकदाच, तर 'ओ' देईन म्हणतो. आलो, थांबा, असं म्हणेन. पण नाही येत."

तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. त्याचा चेहरा मी नीट बघत होतो.

मला ऐकू येत होतं.

लांबून नाही. त्याच खोलीतून, त्याच्या खुर्चीच्या मागून. थकलेला, कोरड पडलेला आवाज.

"अहो... भाऊ..."

तीनदा आला.

मी मामाला सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघून आलो. तेव्हापासून तिकडे गेलेलो नाही.